रांजण भरलेला, तोटी चोंदलेली

टीव्हीचा लाल दिवा लुकलुकत होता, पण पडदा उजळत नव्हता. पॉवर सप्लायमधला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) काढून मल्टिमीटरला लावला, आकडा आला ९१०. वीस टक्के इकडेतिकडे चालतंच, म्हणून तो परत डाग देऊन बसवला आणि दोन संध्याकाळी भलतीकडेच दोष शोधत राहिलो. दोष त्याच्यातच होता.

रांजण भरलेला, पण तोटी चोंदलेली, अशी ही गत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची गुंडाळी असते आणि मधल्या कागदात द्रव मुरलेला असतो. उष्णतेनं तो हळूहळू सुकतो. कधीकधी साठवण थोडीच घटते, पण वीज आतबाहेर जाताना होणारा रोध, म्हणजे ईएसआर, कितीतरी पटींनी वाढतो. १ अँपिअर धारेला ०.०५ ओहम रोध असेल तर ०.०५ वॅट उष्णता होते. २ ओहम झाला की २ वॅट. त्या उष्णतेनं द्रव आणखी सुकतो.

हा रोध मोजणारा मीटर घरी करता येतो. १०० किलोहर्ट्झला १००० मायक्रोफॅरडच्या धारितेचा, म्हणजे साठवणक्षमतेचा, अडथळा ०.००२ ओहमहूनही कमी असतो, म्हणजे उरतो तो मुख्यतः ईएसआर. मी ५५५ टायमर या विजेचे ठोके देणाऱ्या आयसीचा सिग्नल ४७० ओहममधून १० ओहमच्या रेझिस्टरवर आणला. तिथे जेमतेम ०.१ व्होल्ट मिळतो. एवढ्याशा दाबाला आसपासचे डायोड, ट्रान्झिस्टर जागे होत नाहीत, म्हणून कपॅसिटर बोर्डवरून न काढता तपासता येतो. ही मला या मीटरची सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. रेझिस्टरवरचा दाब ऑप-अँपनं (सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीनं) वाढवून काट्याच्या मीटरला दिला. त्याच रेझिस्टरच्या दोन टोकांना प्रोब, म्हणजे तपासायच्या वायरी, जोडल्या. प्रोबमध्ये चांगला कपॅसिटर आला की काटा शून्याकडे येतो.

पण या मांडणीत डायलच्या मध्यावर १० ओहम येतात, आणि मला हवे असलेले ० ते १ ओहम पहिल्या दहाव्या हिश्शात कोंबले जातात. म्हणून १० ओहमच्या जागी १ ओहम लावला. सिग्नल दहापट घटला, त्यासाठी ऑप-अँपची आणखी एक पायरी जोडली.

मग नवीच अडचण उभी राहिली. प्रोबची टोकं एकमेकांना टेकवली तरी काटा शून्यावर येईना. मीटर स्वतःच्याच वायरी मोजत होता! मीटरभर वायरीचं इंडक्टन्स (बदलत्या धारेला विरोध करण्याचा गुण) ढोबळमानानं १ मायक्रोहेन्री धरलं, तर १०० किलोहर्ट्झला त्याचा अडथळा ०.६ ओहम भरतो. मग प्रत्येक प्रोबला दोन वायरी केल्या: एक सिग्नल नेणारी, दुसरी फक्त दाब वाचणारी, दोन्ही टोकापाशीच जोडलेल्या. जोड्या पिळून आखूड केल्या आणि त्या जोडूनच ०.१, ०.४७ आणि १ ओहमच्या रेझिस्टरवर डायल पेन्सिलीनं आखला. त्यावर टीव्हीतल्या त्या कपॅसिटरचा काटा १ ओहमची खूण ओलांडून गेला.

शेवटची सुधारणा एक आयसी जळाल्यावर केली. २३० व्होल्टच्या सप्लायमधला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३२५ व्होल्ट धरून राहू शकतो, आणि मी त्यालाच प्रोब टेकवले होते. आता जादा दाब मीटरमध्ये शिरू नये म्हणून प्रोबच्या मध्ये १एन४००७ डायोडची उलटसुलट जोडी आहे. तरीही आधी २.२ किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरनं कपॅसिटर रिकामा करतो आणि मल्टिमीटरवर शून्य व्होल्ट पाहतो. नंतर त्याच मल्टिमीटरनं त्याचा ओहमही बघतो, कारण आतून शॉर्ट झालेला कपॅसिटर माझ्या मीटरवर अगदी उत्तम दिसतो.