टीसीची धमकी नसलेली शाळा

विदर्भातल्या खेड्यात हायस्कूलचं पोट्टं ऐकेनासं झालं की शेवटचं वाक्य ठरलेलं: "बापाला घेऊन ये, टीसी हातात देतो." टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्याआधी नाल्याकाठच्या बेशरमाची काडी, अंगठे धरून उभं राहणं वगैरे होऊन गेलेलं असतं. टीसी मिळालेला मग १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतो, नाहीतर कापूस वेचायला जातो.

धाकाशिवाय शिकवायची दुसरी वाटही याच मुलखात निघाली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन समितीनं हातकामाभोवती ७ वर्षांचा अभ्यासक्रम आखला, सेवाग्रामात आर्यनायकम दांपत्यानं तो चालवला. पुढे हायस्कूलच्या वयाच्या मुलांसाठी उत्तर बुनियादीचे वर्गही आले. मारण्याबद्दल गांधीजी स्वतः पोळलेले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर १७ वर्षांच्या एका दांडग्या पोराला त्यांनी रूळ मारला. मारताना तेच थरथरले, आणि तो पस्तावा आत्मकथेत लिहून ठेवला. सेवाग्रामात सफाई, स्वयंपाक, सूतकताई मुलांकडे, आणि तक्रार आमसभेत. त्याच आवारात २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा चालते.

अशी सभा मी वर्ध्याकडच्याच एका शाळेत पाहिली. वरण करपलं होतं, कारण पाळीवरचा नववीतला पोरगा क्रिकेट पाहत उभा राहिला. पाऊण तास त्यावरच खल. एक मुलगी म्हणाली, "त्यानं ते वरणाचं गंज घासावं, बस." त्यानं घासलं. राख आणि नारळाच्या शेंडीनं, संध्याकाळपर्यंत. गुरुजी एक शब्द बोलले नाहीत, आणि मला वाटतं सगळ्यात अवघड काम तेच होतं. साठ पोरांच्या वर्गात, पोर्शन उरलेला असताना, पाऊण तास कोण काढणार?

आश्रमशाळांचं दुखणं निराळं. मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया बोलणारं लेकरू मराठी वर्गात गप्प बसतं, सणाला न सांगता घरी पळतं. दोन्ही बेशिस्तीतच मोजतात. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पानं १९७६ मध्ये शाळा काढली, तेव्हाही पुढ्यात हीच माडिया मुलं होती.

कायदा फार उशिरा आला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ नं मारायला आणि मानसिक छळाला बंदी घातली. पण त्या कायद्यातलं बालक ६ ते १४ वर्षांचं. मिसरूड फुटलेला, उलट बोलणारा दहावीतला पोरगा त्यात बसत नाही.