कच्चा रंग, पक्का रंग

नाग नदीत काय वाहतंय हे नागपूरकराला नाकानंच कळतं. पारा, शिसं, तांबं मात्र वास देत नाहीत. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम. एवढा बारीक अंश पकडायचा तर बाटली भरून प्रयोगशाळा गाठावी लागते. नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून शहरातच आहे, म्हणून आपल्याला हे सोपं वाटतं. गडचिरोलीतल्या दूरच्या भामरागडहून बाटली पाठवून बघा. त्यापेक्षा पाण्यात चमकणारा एखादा रंगच जागच्या जागी धातू ओळखून दाखवेल का?

चमकत्या रंगाचं पाण्याशी नातं जुनं आहे. क्विनाइनच्या द्रावणावरची निळी झाक हर्शेल यांनी १८४५ मध्ये टिपली, आणि १८५२ मध्ये स्टोक्स यांनी या प्रकाराला, म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात चमकण्याला, प्रतिदीप्ती (फ्लुरेसन्स) हे नाव दिलं. १८७१ मध्ये बायर यांनी फ्लुरेसिन हा असाच चमकणारा रंग बनवला. खरी गंमत १८७७ सालची. जर्मनीत डॅन्यूबचं पाणी एका जागी जमिनीत गडप होतं. तिथं १० किलो फ्लुरेसिन ओतलं, आणि सुमारे अडीच दिवसांनी ते दूरच्या आख नदीच्या उगमातून हिरवंगार चमकत वर आलं!

म्हणजे पाणी कुठं जातं हे रंगानं सांगितलं. पाण्यात काय आहे, हे सांगायला त्याला बराच वेळ लागला. १९९७ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी ऱ्होडामिन या चमकत्या रंगाच्या रेणूतलं एक कडं मिटवून त्याला बिनरंगी केलं. तांब्याचा आयन (पाण्यात विरघळलेला विद्युतभारित अणू) भेटला की कडं उघडतं, रेणू गुलाबी होतो आणि चमकू लागतो. पुढे पाऱ्यासाठीही हीच युक्ती चालली.

अडचण एकच : नुसता रंग विरघळून वाहून जातो, उजेडात उडतो. नागपूरच्या इतवारी बाजारात लुगडं घेणारी बाई आधी विचारते, रंग पक्का आहे ना? रसायनशास्त्रातही प्रश्न तोच होता. १९६८ मध्ये श्टोबर आणि सहकाऱ्यांनी सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे, एकसारखे बारीक गोळे बनवले. १९९२ मध्ये व्हान ब्लाडेरन आणि व्ह्रेय यांनी त्यात रंग रासायनिक बंधानं पक्का बसवला. असा कण पाण्यात ढवळून परत गाळून घेता येतो.

स्वच्छ पाण्यात हे झकास चालतं. नाग नदीसारख्या पाण्यात सांडपाणी स्वतःच चमकतं, डिटर्जंटमधली नीळसर झळाळीही भर घालते. म्हणून आता कणाच्या पोटात एक न बदलणारा रंग आणि पृष्ठभागावर दुसरा, धातू ओळखणारा, असे दोन रंग ठेवून त्यांचं गुणोत्तर मोजतात.