मोटारींची नावे आणि त्यांचे परभाषेतील अर्थ : पार्श्वभूमी

मोटारींच्या फसलेल्या नावांचा विषय निघाला की पहिले उदाहरण हमखास शेव्हरोले नोव्हाचे दिले जाते, आणि नेमके तेच खरे नाही. स्पॅनिशमध्ये ‘नो व्हा’ म्हणजे ‘चालत नाही’, त्यामुळे लॅटिन अमेरिकेत या गाडीला गिऱ्हाईकच मिळाले नाही, अशी ही गोष्ट आहे. प्रत्यक्षात मेक्सिको आणि व्हेनेझुएलात नोव्हाचा खप चांगला होता. इतकेच नव्हे, तर मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीचे, म्हणजे पेमेक्सचे, पेट्रोलही ‘नोव्हा’ याच नावाने विकले जात असे. ‘नोव्हा’ उच्चारताना आघात पहिल्या अक्षरावर येतो आणि ‘नो व्हा’ म्हणताना दुसऱ्यावर, त्यामुळे स्पॅनिश कानाला हे दोन उच्चार एक वाटत नाहीत. मराठीत ‘नवरी’ हा शब्द तोडून ‘न वरी’ असा सभंग श्लेष साधता येतो. पण ‘नवरी आली’ असे कोणी म्हटले, तर नकार कोणालाच ऐकू येत नाही, तसेच हे आहे.

फोर्ड पिंटोची कथाही याच वळणाची आहे. ब्राझीलमध्ये ‘पिंटो’ हा पुरुषाच्या लिंगासाठी वापरला जाणारा बोलीतला शब्द आहे हे खरे. परंतु त्यामुळे या गाडीचे तिथले नाव बदलून ‘कोर्सेल’ केले गेले, हे खरे नाही. कोर्सेल ही वेगळीच गाडी होती आणि ती पिंटोच्या आधी, १९६८ मध्येच, बाजारात आली होती.

खरी उदाहरणे निर्यातीतून घडली. सोव्हिएत कारखान्याने १९७० मध्ये काढलेल्या गाडीला व्होल्गाकाठच्या टेकड्यांवरून ‘झिगुली’ हे नाव मिळाले होते, पण परदेशी कानांना त्यात ‘जिगोलो’ ऐकू येईल म्हणून निर्यातीसाठी ती ‘लाडा’ झाली. मित्सुबिशीने १९८२ मध्ये आणलेल्या पजेरोला दक्षिण अमेरिकेतील एका रानमांजराचे नाव दिले होते, आणि नेमक्या त्याच खंडाच्या बोलभाषेत तो शब्द हस्तमैथुन करणाऱ्याला उद्देशून दिलेली शिवी आहे. म्हणून स्पॅनिश भाषक देशांत तिला ‘मोंतेरो’ म्हणजे ‘डोंगरातला शिकारी’ हे नाव मिळाले. अक्षरे आणि आकडे वापरूनही सुटका होत नाही: टोयोटाची ‘एमआर-२’ फ्रेंचमध्ये भरभर उच्चारली की विष्ठेसाठीच्या शब्दाजवळ जाते, त्यामुळे फ्रान्समध्ये दोनाचा आकडा गाळून नुसते ‘एमआर’ ठेवण्यात आले. ह्युंदाईने हवाईतील ‘कोना’ या भागाचे नाव एका गाडीला दिले, पण पोर्तुगीजमध्ये तसाच उच्चार असलेला शब्द अश्लील असल्याने पोर्तुगालपुरते हवाईतलेच दुसरे नाव, ‘कवाई’, घेतले.

कधी नाव आधी येते आणि नको असलेला अर्थ मागाहून चिकटतो. टाटांची ‘झिका’ बाजारात येण्याच्या बेतात असतानाच, फेब्रुवारी २०१६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने झिका विषाणूच्या साथीसंदर्भात आणीबाणी जाहीर केली, आणि गाडी ‘टियागो’ या नावाने आली.

अमेरिकी मोटार कंपनी बुइकचे वळण याहून निराळे आहे. कॅनडातील फ्रेंच भाषक क्वेबेक प्रांताच्या बोलीतील अश्लील अर्थामुळे तिची ‘लाक्रॉस’ २००५ पासून कॅनडात ‘अल्यूर’ म्हणून विकली गेली; २०१० च्या मॉडेलपासून मात्र कंपनीने तिथेही ‘लाक्रॉस’ हेच नाव लावले, बोलीतला अर्थ होता तसाच असताना.