टाके ओले असताना आंबट का नको?

सिझेरियन होऊन बाळंतीण घरी आली, की तिच्या ताटातली लिंबाची फोड आधी उचलली जाते. "टाके ओले आहेत, आंबट देऊ नका, पू होईल." मग दही, ताक, टोमॅटो बंद, काही घरांत तुरीची डाळसुद्धा.

ही भीती फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला एकोणिसावा अध्याय जखम झालेल्या माणसाच्या देखभालीचाच आहे. नवं धान्य, उडीद, तीळ, कुळीथ, आंबट, खारट, तिखट, गूळ, दही, दूध, ताक हे सगळं पू वाढवणारं, असं तिथे म्हटलं आहे. घरातलं पथ्य थेट तिथूनच आलं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण साम्य डोळ्यांत भरतं. आणि जंतू कुणाला ठाऊकच नव्हते त्या काळात जखम चिघळली, की आदल्या दिवशी काय खाल्लं याकडेच बोट जाणार. पू जंतूंमुळे होतो, हे ध्यानात घेऊन ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांनी ग्लासगोमध्ये कार्बोलिक आम्लाने जखमा धुवायला घेतल्या, त्या १८६५ साली.

आंबटाची खरी गोष्ट मात्र समुद्रावर घडली. ब्रिटिश नौदल अधिकारी जॉर्ज अॅन्सन यांच्या १७४०-४४च्या जगप्रदक्षिणेत खलाशी स्कर्व्हीने, म्हणजे लिंबासारख्या आंबट फळांतून मिळणाऱ्या क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, पटापट मेले. त्यांत एक म्हातारा होता. ५० वर्षांपूर्वी, १६९०मध्ये आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता. जखमा कधीच्या भरल्या होत्या. स्कर्व्ही झाली आणि त्या पुन्हा उघडल्या. सांधलेलं हाडही सुटलं. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. जुना व्रण म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शरीर तिथलं कोलॅजन, म्हणजे कातडीला बांधून ठेवणारं धाग्यांसारखं प्रथिन, सतत मोडत आणि नव्याने घडवत असतं. कोलॅजनचे धागे घट्ट पिळले जायला क जीवनसत्त्व लागतं. ते संपलं की मोडणं चालू राहतं, घडवणं थांबतं.

याचा पुरावा एका सर्जनने स्वतःच्या पाठीवर दिला. बोस्टनचे तरुण डॉक्टर जॉन क्रँडन १९३९मध्ये क जीवनसत्त्व अजिबात नसलेल्या आहारावर राहिले. तीन महिन्यांनी त्यांच्या पाठीवर छेद घेतला. तो नीट भरला. सहा महिन्यांनी दुसरा घेतला. दहा दिवसांनी पाहिलं तर वरून कातडी मिटलेली, आत काहीच सांधलेलं नाही. मग शिरेतून रोज एक ग्रॅम क जीवनसत्त्व सुरू केलं आणि पुढच्या दहा दिवसांत तीच जखम आतूनही भरू लागली.

म्हणून ताटातून लिंबू, डाळ काढून घेतलेली पाहिली की मला राहवत नाही. डाळीतली प्रथिनं म्हणजे नव्या पेशींचा कच्चा माल. छेद जोडलेला असतो तो आधी टाक्यांच्या जोरावर. तीन आठवड्यांनीही तिथे मूळ कातडीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी ताकद येते. नेमक्या त्याच दिवसांत आपण पोषण कापतो. शरीरात कमतरता नसेल तर गोळ्यांचा मारा करून टाके लवकर भरत नाहीत, हेही खरं. रोजच्या जेवणात एक पेरू पुरतो. त्यात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. आतड्याची शस्त्रक्रिया किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र खाणं डॉक्टर सांगतील तसंच.

आणि सुश्रुतांच्या त्याच अध्यायात पुढे काय खावं तेही दिलं आहे, ते घराघरांतून गळून गेलं. जुन्या तांदळाचा तूप घातलेला भात, मुगाचं कढण, आणि तुपावर परतून सैंधव लावलेल्या भाज्या. त्यांच्या सोबत डाळिंब. आणि आवळा.