जॅकच्या डोक्यावर दोनशे किलो

लांबच्या प्रवासाच्या मोटरसायकलला डबल स्टँड नसला, की घरी चेन धुणंसुद्धा अवघड. सोलापुरातून हंपी-विजापूर करून आलेल्या गाडीच्या चेनमध्ये धूळ आणि वंगणाचा जो काळा राडा बसतो, तो मागचं चाक अधांतरी फिरवल्याशिवाय नीट निघत नाही. मग जॅक आठवतो. पण गाडीच्या पोटाखाली जॅक लावावा कुठे? तिथं ऑइल चेंबर, त्याचा ड्रेन बोल्ट, सायलेन्सरचा बेंड पाइप. चेंबर ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं, तेल धरायला केलेलं. गाडीचा भार एका टोकावर आला तर तडकू शकतं. फ्रेमच्या नळ्या बऱ्याचदा या सगळ्याच्या वर असतात आणि त्यांची पुढची-मागची पातळीही सारखी नसते.

ही उणीव भरून काढतो लिफ्ट अडॅप्टर. जॅकच्या डोक्यावर जाड लोखंडी पट्टी, तिच्यावर चार खुंट, खुंटांच्या टोकाला रबर लावलेल्या खाचा. या खाचा थेट फ्रेमच्या नळ्यांना धरतात. सोलापुरात यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या लेथवाल्याला हे काम अवघड नाही. अवघड आहे ते खुंटांमधलं अंतर ठरवणं, आणि ते डोळ्यांनी ठरवू नये.

त्यासाठी गुरुत्वमध्य, म्हणजे गाडीचं वजन जिथं तोललं जातं तो बिंदू, शोधावा लागतो. धान्याच्या दुकानात असतो तसा प्लॅटफॉर्म काटा पुरतो. पुढचं चाक काट्यावर, मागचं तितक्याच उंचीच्या फळीवर, गाडी सरळ धरलेली. समजा, एकूण वजन 200 किलो, पुढच्या चाकावर 96, आणि दोन्ही आसांमधलं अंतर 1465 मिलिमीटर. 96 भागिले 200 गुणिले 1465 म्हणजे सुमारे 703. मागच्या आसापासून इतके मिलिमीटर पुढे गुरुत्वमध्य. अडॅप्टरचा मध्य तिथं.

आता मागचं चाक काढा. टायरसकट ते 15 किलो धरलं, तर उरलेल्या 185 किलोंचा गुरुत्वमध्य 57 मिलिमीटर पुढे सरकतो. जॅकचं डोकं 10 सेंटिमीटर व्यासाचं असेल, तर मध्यापासून त्याचा काठ 5 सेंटिमीटरवर. म्हणजे गुरुत्वमध्य आधाराबाहेर, आणि गाडी नाकावर! तेच खुंट पुढे-मागे 30 सेंटिमीटर अंतरावर असतील तर मध्यापासून 15 सेंटिमीटर मोकळीक मिळते. अडॅप्टरची खरी किंमत इथं आहे. चेंबर वाचतं हा वरचा फायदा. साइड बॅगा मात्र आधीच उतरवाव्यात, नाहीतर आकडेमोड वाया.

काही गाड्यांत इंजिनच फ्रेमचा भाग असतं, खाली नळ्याच नसतात. तिथं हा अडॅप्टर चालत नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जागाच पाहाव्यात, किंवा मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याखाली (स्विंगआर्म) लागणारा स्टँड घ्यावा.

गाडी उचलल्यावर जॅकचा लोखंडी खटका अडकवायचा. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार तेलाच्या दाबावर असतो, आणि सील झिजलं की तेल हळूच मागे जातं. हँडलपासून जॅकच्या पायापर्यंत दोन्ही बाजूंना पट्टे ताणायचे, कारण आडव्या दिशेला आधार अरुंदच राहतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत अंगणाला शहाबादी फरशी असते. जॅकच्या चार चाकांपैकी प्रत्येकावर पन्नासेक किलो येतात, तेही बोटाएवढ्या जागेवर. खाली पोकळी असलेली फरशी फुटायला एवढं पुरे, म्हणून जॅकखाली जाड प्लायवूड टाकावं, चारही चाकं मावतील एवढं.