चव्वेचाळीस बाइट्सचं गाणं

सीडीवरची गाणी पहिल्यांदा संगणकावर घेतली तेव्हा मी ती सरळ कॉपी-पेस्ट केली. बारा गाणी, दोन सेकंदांत काम फत्ते. खरं तर तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. सीडी ज्याची त्याला परत देऊन टाकली आणि ऑडिओ एडिटरमध्ये पहिलं गाणं ओढलं, तर ते उघडेचना. फाइलचा आकार पाहिला : ४४ बाइट्स. एखादा एसएमएससुद्धा याहून जड असतो.

ऑडिओ सीडी घातल्यावर विंडोज ज्या 'सीडीए' फायली दाखवतं, त्यांत गाणं नसतंच. कितवा ट्रॅक, कुठून सुरू, किती लांब, एवढीच टिपणं. मी पुस्तकाऐवजी अनुक्रमणिका उतरवून आणली होती. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ऑडिओ सीडीचं मानक ठरवलं, त्यात फाइल-फोल्डर हा प्रकारच नाही. आतून बाहेर उलगडत जाणारी एक लांबलचक वळणदार रेघ आणि तिच्यावर सेकंदाला ७५ तुकडे, प्रत्येकात २,३५२ बाइट्स आवाज. हे तुकडे ओळीने वाचून त्यांची फाइल बांधायची, याला रिप करणं म्हणतात.

यात एक खोच आहे. संगणकाची माहिती ठेवायच्या सीडीत तेवढ्याच तुकड्यात माहिती फक्त २,०४८ बाइट्स असते. उरलेली जागा पत्ता, चूक ओळखणं आणि दुरुस्ती यांच्यात जाते. ऑडिओ सीडीत चूक दुरुस्तीची पहिली फळी असते, ही जादा फळी नसते. त्यामुळे ओरखडा खोल असला की ड्राइव्ह शेजारच्या आकड्यांवरून मधला आकडा अंदाजाने भरतो आणि पुढे जातो. कानाला बहुधा पत्ता लागत नाही. चांगली रिपिंग सॉफ्टवेअर शंका आली की तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतात ती याचसाठी. वेळ लागतो, लागू द्यावा.

आता एडिटर. त्याला 'गाणं' ही चीज ठाऊक नाही, त्याला आकडे हवेत. ऑडॅसिटी या एडिटरमध्ये तरंग मोठा करत गेलात, तर शेवटी रेघ संपते आणि सुटे ठिपके दिसू लागतात. एकेक ठिपका म्हणजे त्या क्षणी आवाजाच्या लाटेची उंची. सीडीच्या आवाजात डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सेकंदाला ४४,१०० ठिपके असतात. कापणं, जोडणं, आवाज चढवणं हे सगळं या ठिपक्यांवरच चालतं. म्हणून इम्पोर्ट करताना फाइल कसलीही असो, एडिटर तिची गाठ सोडून सगळे आकडे मांडून ठेवतो.

'चार एमबीची फाइल एडिटरमध्ये एवढी कशी फुगली?' याचं उत्तर इथेच आहे. चार मिनिटांचं गाणं १२८ केबीपीएस बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट वापरणाऱ्या, एमपीथ्रीत जेमतेम ३.८ एमबी. तेच सीडीवर ४२ एमबी, आणि एडिटर प्रत्येक ठिपक्याला ३२ बिट देत असेल तर ८५ एमबीच्या आसपास. फुगलं म्हणून दर्जा सुधारला असं मात्र नाही. एमपीथ्री बनवताना कानाला जाणवणार नाही असं जे जे वाटलं ते टाकून दिलेलं असतं. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या उंचीचे स्वर आहेत हे दाखवणारं चित्र, उघडून पाहा : कमी बिटरेटच्या फाइलमध्ये साधारण १६ हजार हर्ट्झच्या वर कात्रीने कापल्यासारखा काळोख दिसतो. ती फाइल वेव्हमध्ये, म्हणजे सगळे आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या फाइलमध्ये, बदलली तरी काळोख तसाच राहतो. आणि काम संपवून पुन्हा एमपीथ्री केली, की उरलेल्यातून आणखी काही गळतं. रिप करतानाच वेव्ह किंवा फ्लॅक घ्यावं असं मी म्हणतो ते यामुळे. फ्लॅक जागा वाचवतं, पण एकही आकडा टाकत नाही.

एमपीथ्रीची आणखी एक खोड जोडकामात कळते. मैफिलीच्या सीडीवर एका ट्रॅकच्या टाळ्या थेट पुढच्या ट्रॅकमध्ये वाहत जातात. त्या दोन एमपीथ्री एडिटरमध्ये शेजारी ठेवल्या, तर टाळ्यांना मध्येच उचकी लागते. एमपीथ्री आवाज १,१५२ ठिपक्यांच्या चौकटींत भरते. शेवटची चौकट अर्धी राहिली तर शांततेने भरून काढते. सुरुवातीलाही एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम) आणि डिकोडर (ती उलगडणारा) मिळून सुमारे ११०० ठिपके रिकामे सोडतात, म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भाग. लेमसारखे एन्कोडर हा हिशेब फाइलमध्ये लिहून ठेवतात, पण तो वाचायचे कष्ट प्रत्येक सॉफ्टवेअर घेत नाही.

नुसता तुकडा कापायचा असेल, तर गाठ न सोडता चौकटींच्या सीमेवर एमपीथ्री कापणारी साधनंही आहेत. दर्जा तसाच राहतो, पण कात्री २६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांवरच चालते. शिवाय एमपीथ्रीतली चौकट कधी कधी आपला थोडा ऐवज आधीच्या चौकटीतल्या मोकळ्या जागेत ठेवते. ती आधीची चौकट कापून टाकली, तर नव्या फाइलच्या अगदी तोंडालाच एक बारीकसा खरखरता ठसका ऐकू येतो.