सागरपृष्ठाचे दैनिक तापन आणि संक्षोभ

समुद्राचे वरचे पाणी दिवसा उन्हाने तापते आणि रात्री निवते. या रोजच्या फेऱ्याबरोबर त्या पाण्यातील संक्षोभ, म्हणजे लहानमोठ्या भोवऱ्यांची अनियमित घुसळण, कमी-जास्त होत राहते. तापलेले पाणी हलके होऊन वर तरंगते आणि घुसळण थांबवते, असे सहसा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. दुपारचे ऊन संक्षोभाला पातळ थरात कोंडते, वाऱ्याने दिलेली गती तिथे साठू देते आणि संध्याकाळी तीच साठवण खाली मोकळी होते.

सूर्याची उष्णता सगळीकडे सारखी मुरत नाही. अवरक्त किरण पहिल्या काही मिलिमीटर-सेंटिमीटरांतच शोषले जातात; निळा-हिरवा प्रकाश स्वच्छ पाण्यात कित्येक मीटर खाली पोहोचतो. एक घनमीटर समुद्रजल १° से.ने तापवायला सुमारे ४० लाख जूल लागतात. उष्ण कटिबंधात निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊर्जा पडते आणि तिचा निम्मा भाग पहिल्या मीटरभर पाण्यातच अडकतो. घुसळण अजिबात नसेल, तर हा मीटरभर थर तासाला ०.४° ते ०.५° से. तापेल. प्रत्यक्षात वारा निवांत असला की दिवसअखेर पृष्ठ २° ते ३° से.नेही चढते, वाऱ्याचा वेग सेकंदाला ८ ते १० मीटर झाला की हीच वाढ अंशाच्या किरकोळ भागावर येते.

वाऱ्याचा रेटा पाणी ढवळू पाहतो, तर हलके पाणी जड पाण्यावर असल्याने ते खाली ढकलायला ऊर्जा खर्चावी लागते. या झगड्याचे माप म्हणजे रिचर्डसन अंक, दोन बाजूंचे गुणोत्तर : वर घनतेच्या थरांची पक्की बैठक आणि खाली खोलीनुसार वेगात पडणारा फरक, म्हणजे कर्तन. स्थिर प्रवाहात हा अंक सर्वत्र १/४ च्या वर असेल, तर कर्तनामुळे थर अस्थिर होऊ शकत नाहीत, हे जॉन माइल्स व लुई हॉवर्ड यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले.

सकाळी ऊन वाढू लागले की घुसळणीची खोली आक्रसते. एरवी २०-३० मीटरांत वाटली जाणारी, वाऱ्याने पाण्याला दिलेली गती आता एक-दोन मीटरांत उरते, आणि हा थर वंगण घातल्यासारखा खालच्या पाण्यावरून घसरू लागतो. दुपारपर्यंत तिथे सेकंदाला १०-२० सेंटिमीटर वेगाचा दैनिक झोत तयार होतो. झोताच्या तळाशी कर्तन वाढत जाते, रिचर्डसन अंक १/४ कडे उतरतो, लाटांसारख्या वळकट्या उठून फुटतात आणि उष्ण थर जाड होत खाली सरकतो. जेम्स प्राइस, रॉबर्ट वेलर व रॉबर्ट पिंकेल यांनी १९८६ साली मांडलेले गणिती प्रतिमान (मॉडेल) नेमके याच हिशेबावर उभे आहे आणि आजही वापरात आहे.

सूर्य मावळल्यावर बाष्पीभवन आणि दीर्घतरंगी प्रारण, म्हणजे पाण्याने किरणांच्या रूपात बाहेर टाकलेली उष्णता, यांमुळे पृष्ठ निवते. जड झालेले पाणी बुडते आणि अभिसरण, म्हणजे पाण्याची वर-खाली उलथापालथ, सुरू होते. त्यामुळे पहाटे मिश्र थर, म्हणजे घुसळून एकसारखा झालेला वरचा थर, बहुधा सर्वांत खोल असतो.

विषुववृत्तीय पॅसिफिकमधील प्रकार सर्वांत विलक्षण. तिथे पृष्ठावर व्यापारी वारे पाणी पश्चिमेकडे ढकलतात, तर खाली अंतःप्रवाह पूर्वेकडे धावतो. कर्तन आधीच इतके तीव्र, की पाणी अस्थिरतेच्या उंबरठ्यावरच असते. १९८० च्या दशकातील मोजण्यांत आढळले, की रात्री मिश्र थराच्याही कित्येक मीटर खाली, जिथे अभिसरण पोहोचत नाही तिथे, संक्षोभ जोमाने वाढतो. याला खोल चक्र म्हणतात. दुपारी पृष्ठाजवळ साठलेले कर्तन संध्याकाळी खाली उतरते आणि त्या काठावरच्या पाण्याचा तोल घालवते, हे त्याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण. या मार्गाने उष्णता खोल जाते आणि पूर्व पॅसिफिकचे पृष्ठ थंड राहायला मदत होते.

तेच ऊन सर्वत्र तेवढाच परिणाम करत नाही. २८° से.च्या पाण्याचे प्रसरण २° से.च्या पाण्याच्या सुमारे चौपट असते, म्हणून ध्रुवीय समुद्रात तापनाने घनता फारशी बदलत नाही. तिथे क्षारता अधिक निर्णायक ठरते.

मोजणी अवघड आहे, कारण जहाज स्वतःच वरचे पाणी ढवळून टाकते. म्हणून खालून वर तरंगत येणारी उपकरणे वापरतात. त्यांचे संवेदक सेंटिमीटरभर अंतरातील वेगाचे चढउतार टिपतात. समुद्रात आपोआप खाली-वर होत नोंदी घेणारे आर्गो तरंडे बहुधा पृष्ठापासून सुमारे ५ मीटरांवरच मोजणीसाठी पाणी ओढणारा पंप बंद करतात, त्यामुळे पातळ उष्ण थर त्यांच्या नजरेतून निसटतो.

हवामान प्रतिमानांतही हीच अडचण येते. वरचा थर १० मीटरांचा धरला आणि उष्णतेची दिवसभराची सरासरी घेतली, तर हे चक्र दिसतच नाही. ते पकडायला सुमारे मीटरभर जाडीचा वरचा थर आणि तीन तासांहून विरळ नसलेली उष्णतेची नोंद लागते.